ही सर्दी नव्हे: शरद ऋतूतल्या शिंका आणि वाहणारं नाक

प्रश्न असा आहे: "गेली चार वर्षं शरद ऋतू लागला की पाच-सहा आठवडे माझं नाक वाहतं. सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, डोळे आणि टाळू खाजतात. ताप कधीच नसतो. दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, काही फरक नाही. नाक मोकळं करणारे थेंब रोज घालते. आता ते घातल्याशिवाय झोप लागत नाही. हे कशाने होतं? कायमचं जाईल का?"

तुम्ही जे लिहिलंत त्यात निदानाचा मोठा भाग आलेलाच आहे. दर वर्षी त्याच सुमाराला होणं, स्राव पातळ असणं, ताप नसणं आणि खाज सुटणं. यातली खाज सर्वांत महत्त्वाची. विषाणूच्या सर्दीत घसा दुखतो, अंग मोडून येतं, पण टाळू जिभेने खरवडावीशी वाटेल अशी खाज सहसा येत नाही. ती आली की माझं पहिलं लक्ष ॲलर्जीकडे जातं. तपासल्याशिवाय शिक्कामोर्तब करणं योग्य नाही, पण तुमचं वर्णन हंगामी ॲलर्जिक ऱ्हायनायटिसचं, म्हणजे ॲलर्जीमुळे नाकाच्या अस्तराला येणाऱ्या सुजेचं आहे. तसं असेल तर अँटिबायोटिकने फरक पडणारच नव्हता, कारण मारायला तिथे जिवाणूच नव्हते.

हा आजार वसंत ऋतूचा, असा समज जगभर आहे. शरदातला प्रकार मात्र दीडशे वर्षांपूर्वीच वेगळा ओळखला गेला. मॉरिल वायमन या अमेरिकन डॉक्टरांना स्वतःलाच दर शरदात हा त्रास व्हायचा. डोंगरावर गेलं की तो थांबायचा. त्यांनी रॅगवीड नावाच्या तणाचं पुडकं डोंगरावर मागवलं आणि मुलाबरोबर त्याचा वास घेतला. स्वच्छ हवेतही दोघांना शिंकांनी गाठलं. त्यांचं लेखन १८७२ साली प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून गवताच्या परागकणांनी हा त्रास होतो हे दाखवलं. 'ॲलर्जी' हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता. तो क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये दिला.

नाकात होतं काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे उपचार त्यावर उभे आहेत. परागकणातली काही प्रथिनं तुमच्या शरीराने एकदा 'शत्रू' म्हणून नोंदवून ठेवली. त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार झाली आणि नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसली. तोच पराग पुन्हा आला की या पेशी काही मिनिटांत फुटतात आणि हिस्टामीन बाहेर पडतं. शिंका, खाज आणि धार ही हिस्टामीनची कामगिरी. मात्र गोष्ट इथे संपत नाही. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. इओसिनोफिलसारख्या पांढऱ्या रक्तपेशी अस्तरात गोळा होतात, सूज येते, नाक चोंदतं. सकाळी शिंका आणि रात्री बंद नाक, असं एकाच माणसाला का होतं, याचं उत्तर बरेचदा या दुसऱ्या लाटेत असतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की रोज परागाचा मारा झालेलं नाक दिवसागणिक जास्त चिडकं होत जातं. हंगामाच्या पहिल्या दिवशी त्रास व्हायला जितका पराग लागतो, त्याच्या कितीतरी कमी पराग तिसऱ्या आठवड्यात पुरतो. मग अत्तर, उदबत्तीचा धूर, थंड हवेची झुळूक, यांनीही शिंका येऊ लागतात. रुग्ण सांगतात, "आता मला सगळ्याचीच ॲलर्जी झाली आहे." ॲलर्जी सगळ्याची झालेली नसते, एकाच गोष्टीने चिडलेलं नाक आता कशालाही दाद देत असतं. म्हणून या आजारात उशिरा सुरू केलेलं औषध कमी पडतं आणि वेळेआधी सुरू केलेलं औषध कमी मात्रेतही भागवतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची चूक औषध निवडण्यात नसते, ते कधी सुरू करायचं यात असते.

आता शरदातले आरोपी. पहिला क्रमांक तणांचा. रॅगवीडचं एक झाड एका हंगामात जवळजवळ शंभर कोटी परागकण सोडू शकतं, आणि वाऱ्यावर ते शेकडो किलोमीटर जातात. त्याच्याच कुळातलं गाजरगवत, दवण्याच्या नात्यातल्या आर्टेमिसिया वनस्पती, काटेमाठ, चाकवत आणि त्यांचे भाऊबंद, उशिरा फुलणारी गवतं, यांपैकी तुमच्या भागात जे वाढतं ते तुमचं. जिथे पावसाळा असतो तिथे पावसावर पोसलेलं हे सगळं रान पाऊस ओसरल्यावर एकदम फुलतं. जिथे नसतो तिथे उन्हाळा उतरताना. एक गैरसमज इथे दूर करायला हवा. डोळ्यांत भरणाऱ्या रंगीत फुलांना लोक दोष देतात. पण रंग आणि सुगंध हे कीटकांना बोलावण्यासाठी असतात. अशा फुलांचा पराग जड, चिकट असतो आणि हवेत फारसा उडत नाही. गोल्डनरॉडची पिवळीधमक फुलं रॅगवीडच्याच काळात फुलतात म्हणून वर्षानुवर्षं बदनाम झाली. खरा त्रास देणारी फुलं हिरवट, बारीक, लक्षातही न येणारी असतात, कारण त्यांचं काम वारा करतो.

दुसरा आरोपी बुरशी. गळून ओली झालेली पानं, कुजणारा पाचोळा, कापणीनंतरची शेतं, भिंतींची ओल. अल्टरनेरिया आणि क्लॅडोस्पोरियम या दोन बुरशींचे बीजाणू कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी हवेत खूप वाढतात. पानांचा ढीग उपसल्यावर त्याच संध्याकाळी त्रास वाढत असेल तर संशय इथे घ्यावा. अल्टरनेरियाची ॲलर्जी असलेल्यांना दम्याचे तीव्र झटके येण्याचा धोका जास्त असतो, म्हणून ही गोष्ट मी हलक्यात घेत नाही.

तिसरा आरोपी घरातला: धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म जीव. लांबी मिलिमीटरचा साधारण एक तृतीयांश, डोळ्यांना न दिसणारे. गादी, उशी, पांघरुणात ते राहतात आणि आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतात. दमट महिन्यांत त्यांची संख्या वाढते आणि त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा साठा शरदापर्यंत भरपूर झालेला असतो. त्याच वेळी आपण गार हवेसाठी खिडक्या लावून घेतो आणि वर्षभर ठेवलेली पांघरुणं बाहेर काढतो.

तुमच्या बाबतीत कोण? सकाळी उठल्याबरोबर येणाऱ्या शिंका माइटकडे बोट दाखवतात. पण माइटची ॲलर्जी सहसा कमीजास्त प्रमाणात वर्षभर असते, आणि डोळ्यांची खाज तिच्यात तुलनेने कमी. तुमचा त्रास ठरावीक पाच-सहा आठवडे होतो आणि डोळेही खाजतात. त्यामुळे मुख्य कारण पराग असावं असं मला वाटतं. माइट सोबतीला असू शकतात. एक साधी परीक्षा करून पाहा. खिडक्या बंद ठेवून झोपल्यावर सकाळचा त्रास कमी झाला तर बाहेरचं कारण, तसाच राहिला किंवा वाढला तर गादीतलं. वाऱ्याच्या कोरड्या दिवशी वाढतं आणि संततधार पावसात बरं वाटतं, हेही परागाचं लक्षण.

दोन गोष्टी ॲलर्जीसारख्या दिसतात आणि ॲलर्जी नसतात. शाळा उघडल्यानंतरच्या आठवड्यांत ऱ्हायनोव्हायरसची साथ असते. ही खरी सर्दी सात ते दहा दिवसांत उतरते. तीन-चार दिवसांनी शेंबूड घट्ट, पिवळसर होणं हा तिचा नेहमीचा प्रवास आहे. नुसता रंग पाहून अँटिबायोटिक घेऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे नाकाच्या नसांचा चिडकेपणा: गार हवेत पाऊल टाकलं, गरम सूप प्यायलं, की धार लागते, खाज नसते, शिंकाही थोड्याच. वयाच्या चाळिशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झाला असेल तर मी हा विचार आधी करतो. यात ॲलर्जीच्या गोळ्या फार उपयोगी पडत नाहीत. ॲझेलास्टिनचा फवारा, आणि धार हेच मुख्य दुखणं असेल तर इप्राट्रोपियमचा, बराच उपयोगी पडतो.

आता तुमचे थेंब. ही गोष्ट मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब रक्तवाहिन्या आकसून पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं करतात, म्हणून ते जादूसारखे वाटतात. सलग तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले की उलट होतं. परिणाम उतरताच अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं आणि पुन्हा थेंब लागतात. तुम्हाला थेंबांशिवाय झोप लागत नाही, याचा अर्थ आजार वाढला असा नाही. नाक आता थेंबांमुळे बंद होतं आहे. थेंबांच्या चक्रातून बाहेर येण्यासाठी मी असं सांगतो: आधी स्टिरॉइडचा फवारा सुरू करावा. मग थेंब एका नाकपुडीत पूर्ण बंद करावेत, दुसरीत चालू ठेवावेत. पहिली बाजू मोकळी राहू लागली की दुसरीही बंद करावी. एक-दोन आठवडे जड जातात, पण बहुतेकांचं नाक पूर्ववत होतं. रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असेल तर हे थेंब मुळातच डॉक्टरांना विचारून घ्यावेत.

या आजाराचं मुख्य औषध म्हणजे नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा: फ्ल्युटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड यांपैकी एक. 'स्टिरॉइड' हा शब्द ऐकून लोक दचकतात. पण हा फवारा अस्तरावर काम करतो. रक्तात जाणारं प्रमाण, विशेषतः फ्ल्युटिकासोन आणि मोमेटासोनचं, अत्यल्प असतं. शिंका, धार आणि चोंदलेलं नाक, या तिन्ही गोष्टींवर तो गोळ्यांपेक्षा सरस ठरतो, आणि डोळ्यांच्या खाजेवरही उपयोगी पडतो. तरी तो थेंबांसारखा लगेच दिसत नाही. थोडा फरक दिवसाभरात पडतो, पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून तो बाजूला ठेवणारे कितीतरी रुग्ण मी पाहिले आहेत. तो रोज घ्यायचा असतो, त्रास असो वा नसो.

आणि तो मारायचा कसा, हे कोणी शिकवत नाही. मी प्रत्येकाला समोर बसवून मारायला लावतो आणि दहातले सात-आठ जण चुकतात. नाक आधी शिंकरून घ्या. मान मागे टाकू नका, उलट किंचित खाली झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा. म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला तर पडदा कोरडा पडून रक्त येतं, आणि औषधही वाया जातं. मारताना हलकाच श्वास घ्या. जोरात ओढलं तर औषध घशात उतरतं. घशात कडू चव लागली तर ओढणं चुकलं असं समजा. लहान मुलांना लागेल तेवढीच कमीत कमी मात्रा द्यावी आणि फवारा बराच काळ चालणार असेल तर उंची मोजत राहावी.

गोळ्यांमध्ये दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे झोप कमी आणणाऱ्या नव्या, घ्याव्यात: लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, बिलास्टिन. शिंका आणि खाज यांवर त्या तासाभरात काम करतात; चोंदलेल्या नाकावर मात्र कमकुवत. सेटिरिझिनने काहींना झोप येते, गाडी चालवण्याआधी स्वतःवर त्याचा परिणाम पाहून घ्या. ती अनेक महिने रोज घेऊन एकदम थांबवल्यावर काहींना अंगाला तीव्र खाज सुटते, हेही लक्षात असू द्या. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतली तर शोषण घटतं, म्हणून साध्या पाण्याबरोबर घ्यावी. क्लोरफेनिरामीनसारख्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या सर्दीच्या मिश्र औषधांत अजून सर्रास असतात. वयस्कर माणसांत त्यांनी गोंधळलेपणा येतो, लघवी अडते, तोल जातो. आईवडिलांना त्या देऊ नका. माँटेलुकास्टची गोळी ॲलर्जीसाठी फार सहज लिहिली जाते. मनःस्थिती बिघडणं, दुःस्वप्नं, आत्महत्येचे विचार अशा दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दमा सोबत नसेल तर ती मी पहिल्या फळीत वापरत नाही. आणि हंगामाच्या तोंडावर एकदाच दिलं जाणारं लांब पल्ल्याचं स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. आठवडाभरात बरं वाटतं हे खरं, पण रक्तातली साखर, हाडं आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी त्याची किंमत मोजतात, आणि एकदा टोचलेलं औषध परत काढता येत नाही.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं स्वस्त आणि चांगलं. अस्तरावर बसलेला पराग निघून जातो आणि त्यानंतर मारलेला फवारा नीट लागतो. एक कळकळीची सूचना: नळाचं पाणी थेट कधीही वापरू नका. उकळून कोमट केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्या. नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्याच्या आणि माणसं दगावल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. प्रमाण अत्यंत कमी, पण टाळणं पूर्ण आपल्या हातात आहे. बाटली रोज धुऊन कोरडी करा.

परागापासून लपून कोणाला जगता येत नाही, पण मारा कमी करता येतो. तणांचा पराग सकाळपासून दुपारपर्यंत जास्त उडतो. चालायला जाणं संध्याकाळी किंवा पाऊस पडून गेल्यावर ठेवा. बाहेरून आल्यावर कपडे बदला, तोंड आणि केस धुवा, म्हणजे पराग उशीवर येत नाही. हंगामात कपडे बाहेर वाळत घालू नका. परागाचा कण सुमारे २० मायक्रोमीटरचा असतो, म्हणून साधा सर्जिकल मास्कही त्याला बऱ्यापैकी अडवतो. पानं उपसताना आणि तण काढताना तो लावा. माइटसाठी चादरी, अभ्रे आठवड्याला ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवा आणि खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहील असं पाहा. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा थोडा उपयोग होतो, पण औषधाऐवजी ते घेऊ नका.

कायमचं जाईल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. फवारा आणि गोळ्या आजार दाबतात, मुळापासून काढत नाहीत. मुळावर काम करणारा उपचार एकच: इम्युनोथेरपी. लिओनार्ड नून यांनी लंडनमध्ये १९११ साली परागाच्या अर्काची वाढत्या मात्रेची इंजेक्शनं देऊन तो सुरू केला. आज ती इंजेक्शनं आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्या किंवा थेंब, दोन्ही मिळतात. शरीराला तो पदार्थ सवयीचा करून द्यायचा, ही कल्पना. उपचार तीन ते पाच वर्षांचा असतो, आणि त्याचा फायदा थांबवल्यानंतरही बरेच जणांना टिकतो. सगळ्यांना पूर्ण मुक्ती मिळते असं मी म्हणणार नाही. पण औषधं निम्म्यावर आलेले आणि हंगाम जवळपास विसरलेले रुग्ण माझ्याकडे आहेत. त्याआधी त्वचेवर टोचणी चाचणी करावी लागते. निकाल पंधरा-वीस मिनिटांत दिसतो. आधीचे पाच-सात दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी नकारात्मक येते. चाचणीत काही उमटलं म्हणजे तेच कारण, असंही नाही. ते तुमच्या त्रासाच्या वेळेशी जुळायला हवं. इंजेक्शन नेहमी आपत्कालीन सोय असलेल्या ठिकाणी घ्या आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबा. दमा आटोक्यात नसेल तर ही इंजेक्शनं देत नाहीत.

दम्याचा उल्लेख आला म्हणून विचारतो: रात्री खोकला, छातीत घरघर, जिना चढताना दम, यांपैकी काही होतं का? नाक आणि फुप्फुसं यांची वाट एकच आहे. असं काही असेल तर फुप्फुसांची तपासणी नाकाच्या आधी व्हायला हवी. त्याचबरोबर फक्त एकाच नाकपुडीतून रक्त किंवा दुर्गंधी येणं, लहान मुलाची एकच नाकपुडी वाहणं (मणी किंवा बी आत अडकलेली असू शकते), चेहरा दुखून ताप येणं, वास येणं बंद होणं, यांवर घरी उपाय करत बसू नका. वाकल्यावर एकाच नाकपुडीतून स्वच्छ, खारट पाणी ठिबकत असेल, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

तुम्ही गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा. ब्युडेसोनाइडबद्दलचा अनुभव त्या काळात सर्वांत जास्त आहे, पण निर्णय तुमच्या डॉक्टरांनी घ्यावा.

आत्ता तुम्ही हंगामाच्या मध्यावर आहात असं धरतो. आजपासून फवारा रोज, त्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं, खाजेसाठी दुसऱ्या पिढीची एक गोळी, आणि थेंब एकेका नाकपुडीने बंद. दोन आठवड्यांत निम्मा आराम पडला नाही तर फवाऱ्यात ॲझेलास्टिन जोडता येतं. तेव्हा प्रत्यक्ष दाखवायला या किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. आणि या वर्षी पहिली शिंकांची माळ कोणत्या तारखेला लागली ते आठवून लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्या तारखेच्या दोन आठवडे आधी फवारा सुरू करा.